रायमुनिया कापून संपणार नाही

दिग्रसच्या परिसरात सागाच्या जंगलाकडेला वा शेताच्या धुऱ्यावर रायमुनियाची जाळी माजली की निवाडा ठरलेला असतो: ‘या झुडपानं जंगल खाल्लं. कापा, पेटवा, मोकळे व्हा.’ पुण्याकडे ज्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, तेच हे झुडूप. त्याच्यावरचे आरोप खोटे नाहीत. पानांतल्या लँटाडीन या विषानं ढोरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. दाट जाळीखाली साग, ऐन, धावडा यांची रोपं उठत नाहीत. तरीही निवाडा चुकीचा आहे, आणि उपाय त्याहून घातक.

आधी कारण पाहू. उष्ण अमेरिकेतलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलं. त्याची काळी फळं खाऊन बुलबुल, साळुंक्या बी सगळीकडे टाकतात. गर्द सावलीतही टाकतात. पण तिथे झुडूप फोफावत नाही. त्याला ऊन लागतं. लाकूडतोड, अतिचराई आणि वारंवारचे वणवे यांनी जंगल उघडं पडतं, गवत संपतं, तिथे त्याची जाळी होते. म्हणजे जंगल आधी विरळ झालं, रायमुनिया मागाहून माजली. एकदा बसली की ती जंगलाची जखम भरू देत नाही, एवढा दोष तिचा; पहिला घाव आपला.

आता उपाय. उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं तोडलेलं झुडूप पावसाळ्यानंतर पाहावं. जमिनीलगतच्या गाठाळ बुडख्यातून चौकोनी, काटेरी फुटव्यांचा झुबका वर आलेला असतो. पेटवलं तरी बुडखा पुन्हा फुटतो. शेजारची सागाची कोवळी रोपं मात्र होरपळतात. १९४१मध्ये ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा कीटक आणला गेला आणि तो बाहेर पसरला. पानं झडली, झुडूप टिकलं. वरून केलेला प्रत्येक वार असाच वाया जातो.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी मुळाशी जाणारी रीत मांडली. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उपटून उलटं ठेवायचं, पक्ष्यांच्या बसण्याच्या झाडांखाली नवी रोपं शोधून काढायची आणि मोकळ्या जागेत लगेच देशी गवत वाढवायचं. यातली शेवटची पायरी गाळली, तर उरलेली मेहनत मातीमोल होते. उघडी जमीन रायमुनियालाच मिळते.

म्हणून किती हेक्टर छाटले, यावर कामाची किंमत ठरवू नये. तीन वर्षांनी त्या जागी मारवेल, पवन्या ही गवतं उभी आहेत का आणि सागाचं रोप वर येतंय का, ते पाहूनच बिल मंजूर व्हावं.