देवळालीचे मास्तर आणि ९९९ चे तुकडे

२०२५ साल लागलं तेव्हा तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज फिरला असेल: २० आणि २५ ची बेरीज ४५, आणि ४५ चा वर्ग बरोबर २०२५. भारी वाटलं, फॉरवर्ड केलं, विषय संपला. पण अशा संख्यांना ज्यांचं नाव मिळालंय, ते गृहस्थ आपल्या भागातलेच. आमच्या कोपरगावहून गाडीत बसा, मनमाडला बदला, नाशिक रोडच्या पुढचं स्टेशन देवळाली. तिथे १९३० ते १९६२ शाळामास्तर होते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिकही मिळालं. पुढे एम.ए., पीएच.डी. काही नाही. त्यांचं ६१७४ तुम्ही ऐकलंच असेल, त्यावर इंटरनेटभर व्हिडिओ आहेत, म्हणून ते सोडून देतो.

मला बोलायचंय ते ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३... या मालिकेवर. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तोडा: ४९४ अधिक २०९, पुन्हा ७०३. आज पायथनमध्ये चार ओळींत अशा ढीगभर संख्या निघतात. मास्तरांकडे कागद-पेन्सिल. आणि देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ म्हणून बाजूला सारलं.

पोरखेळ? बघू. वर्गातून तीच संख्या वजा करा. ४९४ हजार २०९ मधून ४९४ आणि २०९ दोन्ही गेले, उरलं ४९४ गुणिले ९९९. म्हणजे ७०३ × ७०२ ला ९९९ ने नि:शेष भाग जातो. आता दहावीतलं आठवा, अवयव पाडा. ९९९ म्हणजे २७ × ३७. ७०३ म्हणजे १९ × ३७. ७०२ म्हणजे २६ × २७. लागोपाठच्या दोन संख्या नेहमी सहमूळ, त्यामुळे ३७ एकीकडे जातो आणि तिन्ही ३ एकत्रच दुसरीकडे. वाटणी उलटी केली की २९७ मिळते: ती ११ × २७, आणि २९६ म्हणजे ८ × ३७. वरवर अंकांची गंमत, आतमध्ये मूळ संख्यांची वाटणी!

९९९९ मध्ये तर ९, ११ आणि १०१ असे तीन वाटेकरी. २२२३ त्यातूनच येते: तिच्यात ९, आणि २२२२ मध्ये ११ व १०१. तिचा वर्ग ४९४१७२९, म्हणजे ४९४ अधिक १७२९. हो, तीच रामानुजनची टॅक्सी. योगायोगच, पण मी जाम खूश झालो.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला कापरेकर कळले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९८६ मध्ये ते गेले. आणि २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवून दिलं, की अशा सगळ्या संख्या ९९, ९९९, ९९९९ अशांच्या सहमूळ तुकड्यांतूनच निघतात. मास्तरांना हे वाचायला मिळालं नाही, याची मला खरंच चुटपुट लागते.

५०५० पण याच मालिकेत आहे. तिचे आणि ५०४९ चे अवयव कागदावर पाडा, आणि ९, ११, १०१ कुठे कुठे गेलेत ते कळवा.