टास्क कार्ड म्हणजे काय? इंग्रजीच्या सरावासाठी ती कशी वापरतात?

टास्क कार्ड म्हणजे एका वेळी एकच प्रश्न किंवा एकच छोटी कृती देणारे क्रमांकित कार्ड. एका संचात साधारणपणे २० ते ३२ कार्डे असतात आणि बहुतेक वेळा पूर्ण संच एकाच कौशल्यावर बेतलेला असतो. विद्यार्थी कार्ड वाचतो, उत्तरपत्रकावर त्या क्रमांकासमोर उत्तर लिहितो आणि पुढचे कार्ड घेतो. अमेरिकेतील शाळांमध्ये 'इंग्लिश लँग्वेज आर्ट्स' या विषयासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. वाचन, लेखन, श्रवण-संभाषण आणि व्याकरण-शब्दसंग्रह हे सारे या विषयात येते.

फ्लॅशकार्डपेक्षा वेगळे काय?

फ्लॅशकार्ड आठवण तपासते, तर टास्क कार्ड वापर तपासते. 'अनुमान म्हणजे काय?' हा फ्लॅशकार्डवरचा प्रश्न झाला. टास्क कार्डवर दोन-तीन वाक्ये असतात: मुलगी दारात आली, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि मोजे पिळले. प्रश्न असतो, 'बाहेर काय चालू होते? कोणत्या शब्दांवरून कळले?' पाऊस हा शब्द कार्डावर कुठेही नाही. तो मुलाने शोधायचा असतो.

ही कल्पना कुठून आली?

अमेरिकेत १९५७ साली डॉन पार्कर यांची 'एसआरए रीडिंग लॅबोरेटरी' बाजारात आली. एका खोक्यात काठिण्यपातळीनुसार वेगवेगळ्या रंगांची वाचनकार्डे होती. मूल आपल्या पातळीचे कार्ड घेई, प्रश्न सोडवी, उत्तरे स्वतः तपासून प्रगतीची नोंद करी आणि तयारी झाली की पुढच्या रंगाकडे जाई. वर्ग एकच असला तरी प्रत्येकाचा वेग वेगळा असू शकतो, हे त्यात गृहीत होते.

भारतातही हा विचार रुजला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी आणि कर्नाटकच्या 'नली-कली' उपक्रमाने एकाच खोलीत अनेक इयत्तांची मुले शिकवण्यासाठी कार्डांचा आधार घेतला.

उजळणीसाठी उपयोग का होतो?

उजळणी म्हटले की पुन्हा वाचणे, असे आपण धरून चालतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेल्या उताऱ्यातले ५६ टक्के आठवले आणि दोनदा वाचलेल्यातले ४२. म्हणून कार्ड सोडवताना वही बंद ठेवणे महत्त्वाचे ठरते.

दुसरे कारण वर्गातले आहे. शिक्षकांनी तोंडी प्रश्न विचारला की बहुधा तेच चार हात वर होतात. बाकीची मुले गप्प राहतात आणि त्यांना काय येत नाही, हे परीक्षेपर्यंत कळत नाही. कार्ड प्रत्येकाला उत्तर द्यायला लावते आणि चूक चारचौघांत उघडी पडत नाही.

चांगले कार्ड कसे असते?

मुलाला विचार करून निर्णय घ्यावा लागेल, असा प्रश्न हवा. काही नमुने पाहू.

- ए की ॲन? अंब्रेला आणि युनिफॉर्म दोन्ही 'यू' या अक्षराने सुरू होतात, तरी पहिल्याला 'ॲन' आणि दुसऱ्याला 'ए' लागते, कारण नियम उच्चाराचा आहे. मराठी मुलांसाठी यात सोपी युक्ती आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. सुरुवातीला स्वर आला, जसे 'अवर', तर ॲन. व्यंजन आले तर ए.
- सारखे ऐकू येणारे शब्द: 'देअर' उच्चाराचे तीन शब्द तीन स्पेलिंगने लिहिले जातात. वाक्यातील रिकाम्या जागेत कोणता बसतो, ते ठरवायचे.
- मुख्य कल्पना: चार ओळींचा परिच्छेद देऊन त्यात न बसणारे वाक्य शोधायला सांगायचे.

नवीन घटक शिकवताना एका कौशल्याचा संच घ्यावा. उजळणीला मात्र वेगवेगळ्या संचांतील कार्डे मिसळावीत. सगळी कार्डे 'ए की ॲन'ची असली, तर कोणता नियम लावायचा हे मुलाला आधीच ठाऊक असते. परीक्षेत आणि प्रत्यक्ष लिहिताना ते कोणी सांगत नाही.

वर्गात वापर

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. ४८ मुलांचा वर्ग असेल, तर २४ बाकांवर २४ कार्डे ठेवून जोड्यांना काम देता येते. ठरावीक वेळाने सूचना मिळाली की प्रत्येक जोडी पुढच्या बाकावर जाते. अमेरिकेत या खेळाला 'स्कूट' म्हणतात. एका तासिकेत दहा-बारा कार्डे झाली तरी पुरे. छापील संचच हवेत असे नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर उत्तम कार्डे होतात.

मर्यादा

कार्डांनी मूल निबंध लिहायला शिकत नाही, की गोष्टीचे पुस्तक शेवटपर्यंत वाचायला. त्यासाठी सलग वाचन-लेखनच हवे. घड्याळ लावून खेळ घेतल्यास सावकाश वाचणारी मुले अंदाजाने उत्तरे भरतात. केवळ पर्याय निवडायचा असेल, तर उत्तर कळून आले की नशिबाने, हे समजत नाही. म्हणून काही कार्डांवर 'कशावरून?' हा प्रश्न असावा.

शेवटी उत्तरपत्रके तपासून बाजूला ठेवली, तर निम्मा फायदा वाया जातो. ती क्रमांकानुसार पाहावीत. सातव्या कार्डावर अर्धा वर्ग चुकला असेल, तर आधी कार्डातला प्रश्न संदिग्ध नाही ना, हे पाहावे. तो स्पष्ट असेल, तर उद्याच्या तासाला काय पुन्हा शिकवायचे, ते कळलेच.