वाळूत वाहन चालवताना टायरमधील हवा
थरच्या वाळवंटात जीपसारखे वाहन नेताना टायरमधील हवा कमी करावी लागते. रस्त्यावर साधारण ३० ते ३५ पीएसआय असलेला दाब मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवला जातो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग त्यामुळे लांबतो आणि चाक सहसा रुतत नाही. मोजणीसाठी ० ते ६० पीएसआयचे तबकडीचे गेज निवडावे. मोठ्या पल्ल्याच्या गेजवर कमी दाब नेमका वाचता येत नाही. व्हॉल्व्हची पिन काढणाऱ्या डिफ्लेटरने हवा झटपट उतरते. ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबणारे डिफ्लेटर सोयीचे असले, तरी दाब गेजने पडताळावाच. तो फार उतरल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी रस्त्यावर येताच कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत भरावी. अन्यथा वेगात टायर तापून फुटण्याचा धोका असतो.