त्रेपन्न दिवसांची तहान

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज पर्वतराजीच्या कुशीत ॲशव्हिल हे शहर वसले आहे. राफाएल ग्वास्ताविनो ह्या स्पॅनिश स्थापत्यविशारदाच्या कल्पनेतून साकारलेली आणि १९०९ साली पूर्ण झालेली तेथील संत लॉरेन्स बॅसिलिका तिच्या भव्य लंबवर्तुळाकार घुमटासाठी प्रसिद्ध आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. चक्रीवादळाचे भय किनाऱ्यावरील लोकांनी बाळगावे, डोंगरातल्यांनी नव्हे, असे कोणासही वाटावे. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. जुलै १९१६ मध्ये लागोपाठ आलेल्या दोन वादळांच्या पावसाने फ्रेंच ब्रॉड आणि स्वॅननोआ ह्या नद्यांना महापूर आला होता. त्या पुराच्या खुणा पुढे शतकभर उच्चांक म्हणून सांगितल्या गेल्या.

ह्या शहराचे बहुतांश पाणी नॉर्थ फोर्क येथील धरणातून येते. विसाव्या शतकाच्या मध्यास ते बांधले गेले. भोवती हजारो एकरांचे राखीव अरण्य असल्यामुळे पाणी एरवी इतके नितळ असे की, गाळ खाली बसविण्यासाठी मोठी कुंडे बांधण्याची गरज कोणास भासली नाही. थोडी रसायने मिसळून पाणी थेट गाळणीतून सोडले की ते पिण्याजोगे होई. निसर्गाच्या कृपेवर उभारलेली ही व्यवस्था पुढे कशी अंगाशी येईल, ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

सप्टेंबर २००४ मध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन ह्या वादळांनी पहिला इशारा दिला. धरणाखालून शहराकडे जाणाऱ्या २४ आणि ३६ इंच व्यासाच्या मुख्य जलवाहिन्या पुराने उखडल्या. शहराने त्यापासून धडा घेतला, हे त्याच्या श्रेयाचे आहे. सुमारे २५ फूट खोल अशी तिसरी, पर्यायी जलवाहिनी पुरण्यात आली. धरणालाही पूरक सांडवा बांधून २०२१ साली ते काम पुरे झाले.

मग २७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन वादळ येऊन थडकले. १९१६ चे उच्चांक मोडले गेले. नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नव्या सांडव्याने आपले काम चोख बजावले, धरण वाचले. परंतु जुन्या दोन्ही जलवाहिन्यांबरोबर ती खोल पुरलेली तिसरी जलवाहिनीही वाहून गेली. ज्या रस्त्याने दुरुस्तीची यंत्रे न्यायची, तो रस्ताच उरला नव्हता. म्हणून कामगारांनी आधी वाट बांधली, मग जलवाहिनी. दिवसरात्र खपून त्यांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पर्यायी जलवाहिनी पुन्हा जोडली.

येथे कथा संपायला हवी होती; पण खरी अडचण आता सुरू झाली. डोंगरउतारांवरून आलेली बारीक चिकणमाती धरणाच्या पाण्यात तरंगत राहिली होती, ती खाली बसेना. असे पाणी सोडले तर गाळण्या तुंबणार. अखेर भरपूर क्लोरीन घातलेले, पण न गाळलेले गढूळ पाणीच नळांना सोडण्यात आले. ते शौचकूप धुण्यास चालत होते, पिण्यास नव्हे. तोवर लोक ओढ्यांतून बादल्या भरून आणीत होते, आणि चर्चच्या आवारांत बाटलीबंद पाण्याचे वाटप चालू होते.

आपल्या आजीने हंड्यात तुरटी फिरवून पावसाळी पाणी निवळलेले आपण पाहिले आहे. ॲशव्हिलच्या अभियंत्यांनी तत्त्वतः तेच केले. फरक एवढाच की त्यांचा हंडा अब्जावधी लिटरचा होता. तुरटीच्याच कुळातले ॲल्युमिनियम सल्फेट आणि तिचा आम्लपणा सावरणारा कॉस्टिक सोडा धरणाच्या पाण्यात मिसळण्यात आला. हळूहळू मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसू लागले. अखेर १८ नोव्हेंबर रोजी, म्हणजे त्रेपन्नाव्या दिवशी, नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित असल्याची घोषणा झाली.

जलवाहिनीच्या दुरुस्तीस दोन आठवडे लागले. पाण्याच्या दुरुस्तीस सात. नळाला धार येणे आणि तहान भागणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा धडा अधिक कठीण आहे. शहराने निष्काळजीपणा केला नव्हता. परंतु त्याने तयारी केली होती ती आधीच्या वादळाची, आणि आले ते पुढचे वादळ. त्या दिवसांत शहराच्या दक्षिणेकडील मिल्स रिव्हर नदीवरचे जलशुद्धीकरण केंद्र चालू राहिले, ते मूळ स्रोतच वेगळा असल्यामुळे. एकाच उगमावर तीन वाटा असण्यापेक्षा उगमच दोन असणे हितकर, एवढे त्यातून दिसून येते.

हे वाचताना आपली वसई आठवल्यावाचून राहत नाही. येथे घरोघरी विहिरी आणि वाडीवाडीत बावखले होती. नळ आले आणि कित्येक बावखले मातीच्या भरावाखाली गेली. नळ नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण तहानलेल्यास पाणी पाजणे हे ख्रिस्तसभेने दयेचे कृत्य मानले आहे, आणि शोमरोनी स्त्रीपाशी प्रभूने पाणी मागितले ते पूर्वजांनी खणून ठेवलेल्या विहिरीकाठी. वाडीतली जुनी विहीर उपसून स्वच्छ ठेवणे, हेही पुढच्या पिढीतल्या कोणा तहानलेल्यास पाणी पाजणेच होय.