आश्रय आणि खेळाडू

काशीतील अहिल्याबाई घाट होळकरांच्या दातृत्वाची साक्ष देतो. परमुलखातून आलेल्या यात्रेकरूस गंगातीरी पाय टेकता यावा, हा त्यामागील हेतू. श्रोतेहो, याच घराण्याने विसाव्या शतकात क्रिकेटलाही आश्रय दिला. त्याचा लाभ झालेल्यांपैकी एक म्हणजे चंदू सरवटे.

१९२० साली सागर येथे जन्मलेले सरवटे मध्यप्रांत-वऱ्हाड, महाराष्ट्र आणि मुंबई या संघांकडून खेळत अखेर इंदूरच्या होळकर संघात स्थिरावले. १९४६ साली इंग्लंडमध्ये, सरेविरुद्ध ९ बाद २०५ अशा बिकट अवस्थेत, त्यांनी शुटे बॅनर्जी यांच्यासह अखेरच्या जोडीसाठी २४९ धावा केल्या. दोघांनीही शतके झळकावली. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांच्या शतकांचा असा योग पुन्हा जुळून आला तो थेट २०२४ साली! मात्र ९ कसोटींत सरवट्यांना अवघे ३ बळी मिळाले. त्यांचे खरे कर्तृत्व चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संघात दिसले.

संस्थान गेले, पुढे तो संघही संपला. सरवटे पुन्हा वाटसरू होऊन मध्यप्रदेश आणि विदर्भाकडून खेळले. गुणी माणसास गुणांइतकीच स्थिर भूमीही लागते. ती देणारा आश्रयदाताही इतिहासात स्मरणीय ठरतो.