बटाट्यासाठी बंड: एका डच जोडशब्दाची गोष्ट

आजचा शब्द उच्चारायला जरा जड आहे: 'आर्दापल-ऑपरूर'. डच लोक तो सलग, एका दमात लिहितात. अर्थ, बटाट्यासाठी झालेलं बंड.

आधी बटाटा बघू. 'आर्द' म्हणजे जमीन, 'आपल' म्हणजे सफरचंद. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तेव्हा हे नाव पाडलं असेल, असं मलाही वाटायचं. पण शब्द बटाट्याच्या आधीचा आहे! 'आपल' पूर्वी कुठल्याही गोलसर फळाला चालायचं. जुन्या इंग्रजीत याच घडणीचा शब्द काकडीसाठी सापडतो. (संत्र्याला डच लोक आजही 'चीनचं सफरचंद' म्हणतात.) नाव तयार होतं, बटाटा येऊन त्यात बसला. आपण मात्र नाव पोर्तुगीजांकडून आयतं घेतलं, आणि तेही मुळात रताळ्याचं!

आता 'ऑपरूर'. 'ऑप' म्हणजे वर, 'रूर' म्हणजे ढवळणं. वातावरण ढवळून निघालं, असं आपण म्हणतोच की. हाच शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत गेला आणि 'अपरोर' झाला. त्यातल्या 'रोर'चा डरकाळीशी मुळात काही संबंध नाही, तो इंग्रजांनी कानाला लागला म्हणून जोडला.

हे दोन तुकडे एकत्र येऊन ज्या घटनेचं नाव झाले, ती १९१७ ची. पहिलं महायुद्ध चालू होतं. हॉलंड तटस्थ, पण अन्नाची टंचाई, आणि देशातला बटाटा बाहेर चाललेला. जूनच्या शेवटी अॅमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त कालव्यात सैन्यासाठीच्या बटाट्यांनी भरलेली नाव उभी होती. यॉर्दान या कामगारवस्तीतल्या बायकांनी ती लुटली. मग लूट पसरत गेली. पालिकेनं बटाट्याऐवजी तांदूळ पुढे केला, पण तो कुणाला नको होता. आपल्याकडे कुणी भाताऐवजी रोज बटाटा खा म्हटलं तर काय होईल, तसंच. जुलैच्या सुरुवातीला सैन्यानं गोळीबार केला. नऊ-दहा माणसं गेली, शंभरावर जखमी झाली.

मला खटकतं ते हे, की या लांबलचक शब्दात बटाटा आहे, बंड आहे, पण भूक कुठेच नाही. सत्तावीस वर्षांनंतरच्या एका डच जोडशब्दात मात्र ती आहे: 'होंगरविंटर', १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा. तेव्हा याच शहरातल्या लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू.