बोगनवेलीचें कलम

पनवेलनजीकच्या खांदेश्वरास शंकराचें देऊळ आहे, तळें आहे. आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या नव्या वस्तीमुळें घराघरांच्या कुंपणांवर बोगनवेलही आहे. देऊळ येथलें, वेल मात्र सातासमुद्रांपलीकडची.

इ. स. १७६७ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील ब्राझीलमधील रिओ बंदरास लागला. त्याच्या सोबतच्या कॉमर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञास तेथें ही वेल मिळाली व त्यानें तिला आपल्या नायकाचें नांव दिलें. परंतु कॉमर्साँचा पाय अधू झालेला होता. रानोमाळ हिंडून वनस्पति गोळा करण्याचें पुष्कळसें काम त्याचा 'नोकर' करी. हा नोकर म्हणजे पुरुषवेष घेतलेली झान बारे ही स्त्री होय. कारण फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांस मज्जाव होता. या वेलीची पहिली फांदी तिनेंच तोडली असावी, असा पुष्कळांचा तर्क आहे. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिची ख्याति आहे. तथापि एखाद्या वनस्पतीच्या शास्त्रमान्य नांवांत तिचें नांव येण्यास २०१२ साल उजाडावें लागलें.

बोगनवेलीच्या पुष्कळ संकरित वाणांस बीं धरत नाहीं. १९१० सालीं कोलंबियांतील कार्ताहेना येथें मिसेस बट यांना किरमिजी रंगाचा एक वाण आढळला. त्यांनीं त्याचें कलम त्रिनिदादला नेलें, आणि त्यांच्याच नांवानें तो जगभर पसरला. म्हणजे हा वाण आज जेथें जेथें फुलतो, तेथें तेथें त्या एकाच झाडाचा तुकडा जगत असतो!

हें साधणारी कृति अगदीं सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढी जाड, जून व वीतभर लांब फांदी घ्यावी. डोळ्याच्या किंचित् खालीं तिरपा छेद द्यावा, पानें काढावीं, तीन-चार डोळे राखावे. वाळू व शेणखत मिसळलेल्या मातींत ती अर्धी पुरून सावलींत ठेवावी. पाणी सांचूं देऊं नये. दीड-दोन महिन्यांत मुळें फुटतात. तीं फार नाजूक असल्यामुळें रोप हलवितांना मातीचा गोळा फुटूं देऊं नये.

इतिहासानें नायकाचें नांव राखलें. वेल मात्र राखली ती कापणाऱ्या आणि पुरणाऱ्या हातांनीं. त्यांतील बहुतेकांची नोंद कोठेंही नाहीं. खांदेश्वरच्या कुंडींत फुटणारा कोंभ हीच त्यांची नोंद.